तेलाची तालीम रसायनाला पुरणार नाही

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

केरळच्या किनाऱ्याजवळ २५ मे २०२५ रोजी ‘एमएससी एल्सा ३’ हे कंटेनरवाहू जहाज बुडाले. त्यानंतर जेमतेम पंधरवड्याने, ९ जून रोजी, त्याच समुद्रात ‘वान हाय ५०३’ या जहाजावर स्फोट झाले, आग भडकली आणि चार खलाशी बेपत्ता झाले. पहिल्या जहाजावरील ६४० कंटेनरपैकी १३ मध्ये घातक माल होता आणि त्यांतील १२ मध्ये कॅल्शियम कार्बाइड होते. दुसऱ्या जहाजावर घातक मालाचे शंभराहून अधिक कंटेनर होते, आणि ते कोलंबोहून निघून आपल्याच न्हावा शेवा (जवाहरलाल नेहरू) बंदराकडे येत होते. या घटनांनंतर नुकसानभरपाईची, किनाऱ्यावर पसरलेल्या प्लास्टिकच्या दाण्यांची आणि थंडावलेल्या मासळीबाजाराची चर्चा झाली, व ती व्हायलाच हवी होती. मात्र तीच आग आणखी दीड-दोन दिवसांनी, जहाज मुंबई बंदराच्या तोंडाशी आल्यावर लागली असती, तर त्यावर सर्वांत आधी कोण चढले असते आणि त्या माणसाला आपण काय शिकवून ठेवले आहे, हा प्रश्न महाराष्ट्रात फारसा कोणी विचारला नाही. रायगड जिल्ह्यातील रासायनिक कारखान्यांच्या सुरक्षा विभागांत माझे नोकरीचे आयुष्य गेले. त्या अनुभवाच्या आधारे या एकाच प्रश्नाबद्दल सविस्तर लिहीत आहे.

हा प्रश्न आपल्याला नवा नसावा. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या प्रवेशमार्गात ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया ३’ या जहाजांची टक्कर झाली. ‘चित्रा’वर १,२१९ कंटेनर होते आणि त्यांपैकी सुमारे ३०० समुद्रात पडले. ३१ कंटेनरांत कीटकनाशकांसारखा घातक माल असल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. मुंबई आणि जवाहरलाल नेहरू या दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस ठप्प झाली, तेलाचा तवंग रायगडच्या किनाऱ्याला लागला, आणि नारळी पौर्णिमा अडीच आठवड्यांवर आलेली असताना मासळीला गिऱ्हाईक उरले नाही. त्याच्या तीनच आठवडे आधी, १४ जुलैला, शिवडीच्या हाजी बंदरात वर्षानुवर्षे पडून असलेल्या सिलिंडरमधून क्लोरीन गळून शेजारच्या सागरी शिक्षणसंस्थेतील विद्यार्थ्यांसह अनेकांना रुग्णालयात न्यावे लागले होते. एकाच पावसाळ्यात, एकाच बंदराच्या परिसरात दोनदा इशारा मिळाला. त्यानंतर जहाजवाहतुकीच्या नियंत्रणाबद्दल आणि भरपाईबद्दल बरेच बोलले गेले. पहिल्या तासात तेथे पोहोचणाऱ्यांच्या शिक्षणाबद्दल मात्र त्या मानाने फारच थोडे.

तेलगळतीबाबत आपली तयारी नाही, असे म्हणता येणार नाही. १९९६ पासून राष्ट्रीय तेलगळती आपत्ती आराखडा अमलात आहे, त्याची जबाबदारी भारतीय तटरक्षक दलाकडे आहे, आणि मुंबई, चेन्नई, पोर्ट ब्लेअर व वाडीनार येथे दलाची प्रदूषण प्रतिसाद केंद्रे आहेत. ‘समुद्र प्रहरी’ हे प्रदूषण नियंत्रण जहाज आहे, आणि आता गोवा शिपयार्डने बांधलेले ‘समुद्र प्रताप’ही दलाकडे आले आहे. ‘नॅटपोलरेक्स’ हा राष्ट्रीय सराव ठरावीक अंतराने होतो. जुलै २०२४ मध्ये मुंद्र्याहून कोलंबोला निघालेल्या ‘मर्स्क फ्रँकफर्ट’ या जहाजाला कारवार-गोव्यासमोरच्या समुद्रात आग लागली, तेव्हा भर पावसाळ्यात तटरक्षक दलाच्या जवानांनी केलेले काम कोणालाही अभिमान वाटावा असेच होते. तरीही हा सारा डोलारा मुळात तेल डोळ्यांसमोर ठेवून उभा राहिला आहे, आणि तेलावर तयार झालेला हात रसायनाच्या बाबतीत अनेकदा नेमके उलटे काम करतो.

तेल दिसते, तरंगते आणि बहुतांशी जागच्या जागी मारत नाही. त्याभोवती तरंगते कुंपण टाकायचे, ते एका जागी गोळा करायचे आणि यंत्राने उपसून घ्यायचे, हा त्याचा साधारण क्रम. आता हेच कुंपण नाफ्था किंवा बेंझिनभोवती टाकले, तर पातळ पसरून उडून जाणारा द्रव एका जागी जाड थराने साचतो, त्याच्या वाफेचे प्रमाण वाढते आणि कुंपण ओढणाऱ्या बोटीच्या इंजिनाची एक ठिणगी पुरते. ऑक्टोबर २०१९ मध्ये गोव्यात दोना पावलाजवळ ‘नु शी नलिनी’ हे जहाज दोन हजार टनांहून अधिक नाफ्था पोटात घेऊन, एकही खलाशी वर नसताना, खडकांवर येऊन अडकले होते. सुदैवाने गळती झाली नाही. झाली असती, तर तेलाच्या सरावात शिकलेली पहिली कृती तेथे सर्वांत धोक्याची ठरली असती.

समुद्रात पडलेली रसायने ढोबळमानाने चार-पाच तऱ्हांनी वागतात, आणि आपत्तीत उतरणाऱ्या प्रत्येकाला त्या तऱ्हा तोंडपाठ असाव्यात, इतके त्यांचे महत्त्व आहे. काही पदार्थ वायू होऊन हवेत पसरतात, काही पाण्यावर तरंगत उडून जातात, काही नुसते तरंगतात, काही विरघळतात आणि काही सरळ तळाला जातात. अमोनिया उणे ३३ अंशांना उकळतो. तो गळला की पाण्यात उष्णता सोडत विरघळतो आणि त्याच वेळी पाण्यालगत थंड, जड पांढरा ढग करून वाऱ्याबरोबर सरकतो. स्टायरीन तरंगते आणि वास सोडते. पीव्हीसीसाठी लागणारे इथिलीन डायक्लोराइड पाण्याहून जड असल्यामुळे खाली बसते आणि तळाच्या मासळीपर्यंत जाते. फॉस्फोरिक आम्ल पाण्यात मिसळले की गोळा करण्यासारखे काहीच उरत नाही. तेव्हा करायचे असते ते मोजमाप, प्रवाहाचा अंदाज आणि खालच्या अंगाच्या गावांना, मासेमारांना वेळेवर दिलेली सूचना. ‘येथे आपल्याला काहीही उपसता येणार नाही, फक्त मोजायचे व सांगायचे आहे’ हा निर्णय पहिल्या तासात घेणे फार अवघड असते, कारण धावून आलेल्या माणसाचे हात काहीतरी करायला शिवशिवत असतात आणि किनाऱ्यावर कॅमेरे लागलेले असतात. प्रशिक्षणाने शिकवायची खरी गोष्ट हीच आहे, आणि ती पुस्तकातून येत नाही.

त्यातून अग्निशामकाचे पहिले हत्यार पाणी. ‘एल्सा’वरचे कॅल्शियम कार्बाइड आपल्याकडे आंबे पिकवण्याच्या बंदी असलेल्या पुडीमुळे सर्वांना ऐकून ठाऊक आहे. त्यावर पाणी पडले की ॲसिटिलीन वायू सुटतो, म्हणजे वेल्डिंगवाला वापरतो तोच, आणि हवेत त्याचे प्रमाण अवघे अडीच टक्के झाले तरी तो पेट घेऊ शकतो. धान्याची कीड मारण्यासाठी वापरतात ते ॲल्युमिनियम फॉस्फाइड ओल लागताच फॉस्फीन हा अतिविषारी वायू सोडते. घातक माल वाहून नेणाऱ्या जहाजावर या दोन पदार्थांचे कंटेनर आणि नायट्रिक आम्लाचा कंटेनर अगदी थोड्या अंतरावर असू शकतात. आगीवर फवारलेले पाणी एका कंटेनरला थंड करते आणि दुसऱ्याला पेटवते. शिवाय तेच पाणी जहाजाच्या पोटात साचून जहाज कलंडण्याची भीती असते. शहरातील इमारत पाण्याच्या वजनाने उलटी होत नाही. त्यामुळे जमिनीवरचा निष्णात अग्निशामकही जहाजावर पाऊल ठेवताच पुन्हा शिकाऊ होतो. त्याच्या धैर्याबद्दल यात काहीही उणे-अधिक नाही.

मुंबईला हे फार मोठी किंमत देऊन कळलेले आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावरील कापसाला आग लागली. त्याच जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटके होती. पंप घेऊन धावलेल्या अग्निशमन दलाच्या ६६ जणांचा स्फोटांत मृत्यू झाला. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. मानवंदना होते, पथसंचलन होते, शाळांतून प्रात्यक्षिके होतात. त्या ६६ जणांना मारणारी परिस्थिती मात्र, म्हणजे जहाजावर नेमके काय आहे आणि कशाशेजारी काय रचले आहे याची पुरेशी कल्पना नसताना त्यावर चढावे लागणे, आजही बदललेली नाही. या सप्ताहात किनारी जिल्ह्यांतील प्रत्येक अग्निशमन केंद्राला निदान एक तास जहाजावरील मालाची यादी वाचायला शिकवले, तर त्या स्मरणाला काही अर्थ येईल.

या यादीबद्दल थोडे लिहिणे भाग आहे, कारण सारे त्यावर अडते. प्रत्येक घातक पदार्थाला संयुक्त राष्ट्रांनी चार आकडी क्रमांक दिलेला आहे: अमोनियाचा १००५, क्लोरीनचा १०१७, कॅल्शियम कार्बाइडचा १४०२, स्टायरीनचा २०५५. हा आकडा कंटेनरवर लावलेला असतो, जहाजाच्या कप्तानाकडील यादीत असतो आणि त्यावरून काय करावे व काय टाळावे हे काही मिनिटांत सापडू शकते. अडचण अशी की अपघातात कंटेनर जळतो, उलटतो किंवा बुडतो. यादी कंपनीच्या परदेशातील कार्यालयात असते. आणि भाडे वाचवण्यासाठी घातक माल साधा म्हणून चढवण्याचे प्रकार जगभर होतात. म्हणून प्रशिक्षणाचा निम्मा वेळ तरी ‘काय आहे ते माहीत नाही’ या परिस्थितीवर घालवला पाहिजे. दुर्बिणीतून ढगाचा रंग आणि त्याची चाल पाहणे, वाऱ्याच्या वरच्या अंगाने येणे, जवळ जाण्याआधी हवा मोजणे, आणि मोजणाऱ्या यंत्राची मर्यादा ओळखणे या गोष्टी सरावानेच अंगवळणी पडतात. अग्निशामकांकडे असते ते नेहमीचे चार वायूंचे यंत्र ज्वलनशील वाफ, प्राणवायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड दाखवते. फॉस्फीनसाठी वेगळा सेन्सर लागतो. यंत्र शांत आहे म्हणून मुखवटा उतरवणारा माणूस त्या शांततेवर विसंबून जीव गमावू शकतो.

कोलंबोसमोर २०२१ मध्ये जळालेल्या ‘एक्स-प्रेस पर्ल’ची कथा या संदर्भात आपल्या अगदी दाराशी येते. त्या जहाजावर सुमारे २५ टन नायट्रिक आम्ल होते आणि त्याचा एक कंटेनर गळत असल्याचे आग लागण्याच्या काही दिवस आधीच लक्षात आले होते. तो उतरवून घ्यावा अशी विनंती आधी कतारमधील हमाद आणि मग गुजरातमधील हजिरा या बंदरांना केली गेली. गळते आम्ल हाताळण्याची सोय व तज्ज्ञ तातडीने उपलब्ध नसल्याचे कारण देऊन दोन्हीकडून नकार मिळाला, असे जहाजकंपनीने नंतर सांगितले. २० मे रोजी आग लागली, २ जूनला जहाज बुडाले, १,६०० टनांहून अधिक प्लास्टिकचे दाणे सांडले आणि श्रीलंकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या मासेमारीची दैना झाली. आपल्या तटरक्षक दलाने तेथे जाऊन आग विझवायला मोठी मदत केली, हे खरे. परंतु एका गळक्या कंटेनरला सुरक्षितपणे उतरवू शकणारे प्रशिक्षित पथक वाटेतल्या एखाद्या बंदरात असते, तर त्या मदतीची वेळ बहुधा आलीच नसती. उद्या असाच निरोप न्हावा शेव्याला आला, तर उत्तर काय असेल? होकार द्यायचा तर तो कोणाच्या भरवशावर, हे बंदराने आजच सांगता यायला हवे.

आता प्रत्यक्ष माणसाच्या अंगावर काय पडते ते पाहू. श्वसनसंचाच्या पाठीवरच्या सिलिंडरमध्ये साधारणपणे ६.८ लिटर जागेत ३०० बार दाबाने हवा भरलेली असते, म्हणजे सुमारे दोन हजार लिटर. अंगमेहनतीचे काम करणारा माणूस मिनिटाला साठ लिटर हवा सहज ओढतो. हिशेब तेहतीस-चौतीस मिनिटांचा होतो. त्यातून शेवटचा राखीव भाग, जिथे शिट्टी वाजू लागते, तो सोडायचा. आत जाण्याचा, परत येण्याचा आणि बाहेर आल्यावर अंगावरचे रसायन धुऊन होईपर्यंत मुखवटा न काढता उभे राहण्याचा वेळ वजा करायचा. हाती कामाची दहा-बारा मिनिटे उरतात. वायूबंद रासायनिक सूट घालून, तिहेरी हातमोज्यांनी, हलणाऱ्या डेकवर या दहा मिनिटांत एक झडप बंद करायची असते. सुटाच्या आत मे महिन्यात घामाने बूट भरतात आणि काच धुकट होते. मी तो कारखान्याच्या स्थिर, कोरड्या जमिनीवर घातलेला आहे आणि तेवढेही पुरेसे होते. शिवाय हा सूट घालून दोरीच्या शिडीवरून जहाजावर चढता येत नाही. म्हणजे सामान आधी वर न्यायचे, वाऱ्याच्या वरच्या बाजूला जागा निवडायची, तेथे कपडे चढवायचे, धुण्याची जागा मांडायची, आणि जोडी आत गेली की तिला आणण्यासाठी दुसरी जोडी तयार ठेवायची. एका झडपेमागे निदान आठ-दहा प्रशिक्षित माणसे लागतात ती अशी. हे गणित ज्याने स्वतः घामाघूम होऊन सोडवलेले नाही, तो अधिकारी किनाऱ्यावरून ‘अजून आत का जात नाही’ असे विचारत राहतो. त्यामुळे हुकूम देणाऱ्यांनाही एकदा तो सूट चढवायला लावावा, अशी माझी नम्र पण आग्रहाची सूचना आहे.

इतर देशांनी यासाठी काय केले, याची दोन-तीन उदाहरणे पुरेत. फ्रान्समध्ये १९७८ च्या ‘अमोको कादिझ’ या तेलवाहू जहाजाच्या अपघातानंतर ब्रेस्ट येथे ‘सेद्र’ ही संस्था उभी राहिली; तिच्या आवारात कृत्रिम किनारा आणि पाण्याची टाकी आहे, आणि तेथे शिकाऊंसमोर खरोखरच प्रदूषक सांडून सराव घेतला जातो. जर्मनीत १९९८ मध्ये ‘पल्लास’ हे जहाज जळत भरकटत असताना कोणी हुकूम द्यायचा यावरच गोंधळ झाला. त्यातून शहाणे होऊन त्यांनी २००३ पासून कुक्सहाफेन येथे केंद्र व किनारी राज्यांचे एकच संयुक्त आपत्कालीन केंद्र चालू केले, आणि किनारी शहरांच्या अग्निशमन दलांतील जवान जहाजावरील आगीसाठी तयार ठेवले. ब्रिटनमध्ये हेलिकॉप्टरने जहाजावर उतरू शकणाऱ्या अग्निशामकांचे पथक २००६ मध्ये उभे राहिले आणि काही वर्षांतच केंद्राचा निधी थांबल्याने मोडले. आपल्याला हे तिसरे उदाहरण सर्वांत जवळचे वाटावे. पथक उभारणे एकदाचे काम असते. ते तयार ठेवणे दरवर्षीचे, आणि दरवर्षीच्या कामाला आपल्याकडे फीत कापायला कोणी येत नाही.

आपल्याकडील मॉक ड्रिलबद्दल न लिहिले तर हे पत्र अपुरे राहील. नोकरीच्या काळात मी पाहिलेल्या बहुतेक ड्रिलमध्ये तारीख, वेळ, गळणाऱ्या पदार्थाचे नाव आणि वाऱ्याची दिशा महिनाभर आधी परिपत्रकात छापून आलेली असे. एका जेट्टीवरच्या ड्रिलमध्ये पिंपातून रंगीत पाणी सोडले गेले, जवानांनी ते चार मिनिटांत ‘नियंत्रणात’ आणले, आणि पाहुण्यांच्या खुर्च्या मात्र वाऱ्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे खरा वायू असता तर पहिला झोत जेथे आला असता तेथे, मांडलेल्या होत्या. कोणालाही त्यात वावगे वाटले नाही. चहापानानंतर अहवालात सर्व यंत्रणांचा समन्वय उत्कृष्ट असल्याची नोंद झाली. लग्नाची वरात ठरलेल्या रस्त्याने जाऊन ठरलेल्या मांडवात पोहोचावी, तसे हे सराव पार पडतात. उपयोगी सराव तो, ज्यात काहीतरी फसते: यादी मिळत नाही, वारा फिरतो, पहिल्या जोडीतला एक जण कोसळल्याचे सांगितले जाते, रात्र असते, भरती असते. अशा सरावाचा अहवाल वाचायला लाजिरवाणा असतो आणि म्हणूनच तो जपून ठेवावा लागतो.

जमिनीवर आपल्याकडे याची एक चौकट आहे. भोपाळनंतर आलेल्या नियमांच्या मालिकेत १९९६ मध्ये रासायनिक अपघातांबाबतचे नियम झाले. त्यांनुसार केंद्रापासून जिल्ह्यापर्यंत आणि औद्योगिक वसाहतीपर्यंत आपत्ती गट असायला हवेत. रायगड व ठाणे पट्ट्यात कारखान्यांचे परस्पर साहाय्य गट, ज्यांना आम्ही ‘मार्ग’ म्हणतो, वर्षानुवर्षे काम करत आहेत, आणि त्यांच्याकडे क्लोरीनची झडप बंद करण्यापासून आम्लाचा टँकर रिकामा करण्यापर्यंतचे हाताचे कसब आहे. ही सारी चौकट धक्क्याच्या कडेला येऊन थांबते. पुढे पाण्यात तटरक्षक दल, बंदर प्राधिकरण, महाराष्ट्र सागरी मंडळ, सागरी पोलीस, मत्स्यव्यवसाय विभाग आणि मुंबई अग्निशमन दल अशा अनेकांच्या हद्दी सुरू होतात. वायूचा ढग मात्र पीर पावच्या रसायन जेट्टीवरून माहुल-चेंबूरच्या वस्तीकडे जाताना कोणाची हद्द ओलांडली हे विचारत नाही. पावसाळ्यात नैऋत्येचा वारा आणि एरवी दुपारनंतरचा समुद्रवारा, दोन्ही किनाऱ्याकडेच येतात. त्यामुळे मुंबई–रायगड बंदर क्षेत्रासाठी एकच कायमचे संयुक्त पथक असावे, त्यात तटरक्षक दलाचे खलाशी, अग्निशमन दलाचे जवान आणि ‘मार्ग’मधील कारखान्यांचे अनुभवी तंत्रज्ञ एकत्र शिकलेले असावेत, आणि अपघाताच्या वेळी हुकूम कोणाचा हे आधीच लेखी ठरलेले असावे, ही माझी मुख्य मागणी आहे.

शिक्षकांची व जागेची वानवा आहे, असेही नाही. नागपूरला राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे, पुण्याजवळ सुदुंबरे येथे एनडीआरएफची पाचवी बटालियन आहे आणि या दलाकडे रासायनिक-जैविक आपत्तींसाठी प्रशिक्षित माणसे आहेत. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने घातक पदार्थांच्या गळतीसाठी प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचा आणि नेतृत्व करणाऱ्यांचा असे दोन वेगळे नमुना अभ्यासक्रमही तयार केलेले आहेत. पैशाचे म्हणाल, तर जवाहरलाल नेहरू बंदरातून २०२४-२५ मध्ये वीसफुटी मापाने ७० लाखांहून अधिक कंटेनरांची ये-जा झाली. त्यांतील घातक मालाच्या प्रत्येक कंटेनरमागे अल्पसा आकार लावून तो फक्त प्रशिक्षणासाठी राखून ठेवला, तर राज्याच्या तिजोरीकडे हात पसरावा लागणार नाही. डहाणूजवळ वाढवण येथे ७६ हजार कोटींहून अधिक खर्चाचे बंदर होऊ घातले आहे. त्या बंदराला कोणी विरोध करो वा पाठिंबा देवो, पहिले जहाज लागण्याआधी तेथील पथक शिकून तयार असले पाहिजे, यावर दोन्ही बाजूंचे एकमत व्हायला हरकत नसावी.

सर्वांत शेवटी ज्यांना आपण ‘प्रतिसाद देणारे’ म्हणून मोजतच नाही, त्यांच्याविषयी. डिसेंबर २०२४ मध्ये गेट वेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला अपघात झाला, तेव्हा बुडणाऱ्यांपर्यंत आधी पोहोचल्या त्या आजूबाजूच्या बोटी. समुद्रात हे नेहमीच असे होते. उद्या गळके पिंप जाळ्यात येईल ते करंजा, मोरा, रेवस, थळ किंवा सातपाटीच्या एखाद्या तांडेलाच्या, म्हणजे बोटीच्या नाखव्याच्या, आणि ते उघडून पाहण्याचा मोह त्याच्या खलाशालाच होईल. कंटेनर किनाऱ्याला लागेल तेथे पहिला पोहोचेल तो गावचा पोलीस पाटील किंवा सागर सुरक्षा दलाचा तरुण. केरळमध्ये ‘एल्सा’नंतर सरकारने लोकांना वाहून आलेल्या वस्तूंपासून २०० मीटर दूर राहायला आणि ११२ ला कळवायला सांगितले, पण ती सूचना अपघातानंतर द्यावी लागली. आपल्याकडे ती आधी देता येईल. कोळीवाड्यातील माणसाला रसायनशास्त्र शिकवायचे नाही. घातक मालाच्या नऊ वर्गांची चित्रे ओळखणे, हात न लावणे, वाऱ्याच्या वर राहणे, इंजिन कधी बंद करायचे ते समजणे, चार आकडे वायरलेसवर बिनचूक सांगणे आणि अंगावर काही उडाले तर भरपूर पाण्याने धूत राहणे, एवढे मराठीत, त्यांच्या शब्दांत, एका दिवसात शिकवता येते. त्यांच्यासोबत मत्स्यव्यवसाय विभागाच्या परवाना अधिकाऱ्यांनाही बसवावे, कारण गळतीनंतर कोणत्या पट्ट्यातील मासळी किती दिवस खाऊ नये आणि कधी पुन्हा खावी, हे नमुने तपासून ठामपणे सांगणारा अधिकारी नसेल तर अफवाच बाजार बंद पाडतात, आणि २०१० मध्ये त्याची झळ कोणी सोसली ते रायगडच्या मासळीविक्रेत्या बायकांना विचारावे.

या शिक्षणासाठी वेगळी सवड शोधायलाही नको. १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या ६१ दिवसांत यांत्रिक बोटी किनाऱ्याला असतात, जाळी विणली जात असतात आणि तांडेल गावातच असतात. राज्य सरकारने येत्या बंदीकाळात पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या मच्छीमार सहकारी संस्थांमधून हे एक दिवसाचे वर्ग सुरू करावेत, आणि त्यांचे वेळापत्रक मे महिन्यातच प्रत्येक संस्थेच्या फलकावर लागावे, अशी विनंती आपल्या दैनिकाच्या माध्यमातून मत्स्यव्यवसाय व गृह या दोन्ही खात्यांच्या मंत्र्यांना करतो.

आपला विश्वासू,
एक निवृत्त सुरक्षा अधिकारी,
अलिबाग, जि. रायगड